एमसीजीबाहेरची फुटी वॉकिंग टूर: क्रिकेटवाल्यांनीही करावी अशी

आधीच सांगून टाकतो, ही टूर एमसीजी म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या आत नेत नाही, बुक करताना नीट वाचा. आत जायला एमसीजीची स्वतःची गाइडेड टूर आहे, तिचं तिकीट वेगळं, ती पण जरूर करा. ही एका छोट्या खाजगी कंपनीची टूर, स्टेडियमभोवती पुतळ्यापुतळ्यांपाशी थांबत फुटीच्या (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या) आणि त्यातही मेलबर्न डीमन्स क्लबच्या जुन्या प्लेयर्सच्या गोष्टी सांगणारी. सासरे सांगलीहून आलेत, त्यांना 2022 ला कोहलीने हारिस रौफला सिक्स मारला ते ग्राउंड बघायचं होतं, त्यामुळे पहिला काही वेळ तोंड वाकडं. फुटी म्हणजे त्यांच्या लेखी लांबोडक्या बॉलसाठी केलेली मारामारी.

गाइड सत्तरीच्या पुढचे आजोबा, गळ्यात लाल-निळा मफलर, पिढीजात डीमन्सवाले. त्यामुळे बाकीच्या क्लबवाल्यांचे पुतळे आले की पाय झपाझप उचलतात हे ध्यानात ठेवा. डिक रेनॉल्ड्स हा एसेंडनचा एवढा मोठा माणूस, तीन ब्राउनलो मेडल्स (म्हणजे सीझनच्या बेस्ट प्लेयरचं मेडल), त्याला दोन वाक्यांत उरकला. वॉर्नच्या पुतळ्यापाशी मात्र फोटोला वेळ दिला, नाहीतर आपल्या ग्रुपमधले लोक तिथून हलले नसते.

टॉम विल्सच्या पुतळ्यापाशी जरा थांबा. दोन पोरं बॉलसाठी झटतायत आणि विल्स अंपायरिंग करतोय, 1858 ची शाळाशाळांतली मॅच. विल्स मूळचा क्रिकेटर, हिवाळ्यात क्रिकेटवाले नुसते बसून राहू नयेत म्हणून फुटबॉल क्लब काढा असं त्याने पेपरात पत्र लिहिलं आणि पुढच्या वर्षी मंडळींनी बसून फुटीचे नियम लिहून काढले, मोजून 10. सासऱ्यांचे कान टवकारले ते पुढच्या गोष्टीला. 1861 मध्ये क्वीन्सलंडला विल्सच्या वडिलांना आदिवासींनी मारलं, त्याचा सूड म्हणून गोऱ्यांनी कितीतरी आदिवासी कापले आणि तरी 1866 च्या बॉक्सिंग डेला हाच विल्स आदिवासी क्रिकेटर्सची टीम घेऊन एमसीजीवर उतरला. गाइडने यातलं काही गाळलं नाही, गुळगुळीतही केलं नाही, हे मला आवडलं.

पण पैसे वसूल होतात ते नॉर्म स्मिथ आणि रॉन बरासीच्या गोष्टीत. बरासीचे वडीलही डीमन्सचे प्लेयर, 1940 ची प्रीमियरशिप (म्हणजे सीझनचं विजेतेपद) जिंकलेल्या टीममधले, 1941 मध्ये दुसऱ्या महायुद्धात लिबियातल्या तोब्रुकला लढाईत गेले. पुढे आईने दुसरं लग्न केलं, ती टास्मानियाला गेली आणि पोरगा राहिला कोणाकडे तर वडिलांचा टीममेट नॉर्म स्मिथ याच्या घरी. हाच स्मिथ मग कोच झाला आणि त्याच्या हाताखाली 31 नंबरची जर्सी घालून बरासीने 1955 ते 1964 मध्ये सहा प्रीमियरशिप जिंकल्या. बाप ज्या क्लबला खेळला तिथेच पोराला घ्यायचं असा फादर-सन रूल आजही आहे, तो आणण्यामागे याच पोराला क्लबमध्ये घ्यायची धडपड होती. आणि 1964 ची ग्रँड फायनल चार पॉइंटने जिंकल्यावर (विनिंग गोल नील क्रॉम्प्टन नावाच्या बॅकवाल्याने मारला, जो खरं तर पुढे यायचाच नव्हता) बरासी गेला कार्ल्टन या दुसऱ्या क्लबला, कॅप्टन-कोच म्हणून. म्हणजे घरच्या पोराने समोरच्या दुकानाचा गल्ला सांभाळायला बसावं तसं. सासरे मला हळूच म्हणाले, "जावईबापू, पोटच्यासारखा वाढवला आणि गेला की हो निघून!" गाइडला मराठी येत नाही पण त्याने मान हलवली, बहुतेक टोन कळला असावा.

पुढच्याच वर्षी क्लबने ऐन सीझनमध्ये स्मिथला काढून टाकलं. आठवड्यात परत घेतलं, पण क्लबची जी साडेसाती लागली ती लागलीच, पुढची प्रीमियरशिप थेट 2021 ला, 57 वर्षांनी. त्यातही कोविडमुळे ग्रँड फायनल पर्थला, मेलबर्नमधले डीमन्सवाले घरात टीव्हीसमोर! वेस्टर्न बुलडॉग्जला 74 पॉइंटने धुतलं, पेट्राका मॅन ऑफ द मॅच, आणि ग्रँड फायनलच्या त्या मेडलचं नाव काय तर नॉर्म स्मिथ मेडल. हे सांगताना आजोबांचा आवाज चढला तो खाली येईना.

जिम स्टाइन्सच्या गोष्टीत थोडं घाईत उरकल्यासारखं वाटलं, तिथे अजून पाच मिनिटं चालली असती. डब्लिनचा गेलिक फुटबॉल खेळणारा पोरगा, बरासी डीमन्सचा कोच म्हणून परत आला तेव्हा आयर्लंडहून पोरं आणायची टूम त्याचीच, त्यातून हा आला. 1987 ची प्रिलिमिनरी फायनल (म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीची सेमीफायनल), 1964 नंतर पहिल्यांदाच क्लब फायनल्समध्ये म्हणजे सीझनअखेरच्या नॉकआउट मॅचेसमध्ये पोचलेला, समोरच्या हॉथॉर्न क्लबचा बकेनारा किक मारायला उभा आणि हा नको तिथून त्याच्यासमोरून पळत गेला, 15 मीटरची पेनल्टी बसली (म्हणजे किक तेवढी पुढून), सायरननंतरच्या किकवर गोल, दोन पॉइंटने मॅच गेली. रॉबी फ्लॉवर हा लोकांचा जीव की प्राण, 272 मॅचेस खेळलेला, त्याची ही शेवटची मॅच. एखादा तोंड लपवून डब्लिनला परत गेला असता. याने 1991 ला ब्राउनलो जिंकलं, सलग 244 मॅचेस खेळला, पुढे प्रेसिडेंट होऊन क्लबचं कर्ज फेडायला पैसे गोळा केले, कॅन्सर झालेला असतानाही, आणि 2012 ला गेला.

फ्रेड फॅनिंगचं नुसतं नाव निघालं, तुम्ही स्वतः विचारा. 1947 ला एका मॅचमध्ये 18 गोल, आजपण रेकॉर्ड आहे आणि ती त्याची शेवटची मॅच, कारण हॅमिल्टन गावच्या क्लबने जास्त पैसे देऊ केले!

तक्रारी आहेत. कंपनीने छोटा ग्रुप म्हणून सांगितलं आणि निघाला चांगला मोठा घोळका, माइक खरखरत होता, मागे उभं राहिलं तर अर्धं वाऱ्यावर. नियम समजावणं जवळजवळ शून्य, गोलचे सहा पॉइंट आणि बिहाइंडचा (बॉल बाजूच्या खांबांमधून गेला तर) एक एवढं तरी घरून बघून जा. लहान पोरं कंटाळतील, त्यांना स्पोर्ट्स म्युझियममध्ये न्या, तिथे खेळायला बरंच आहे. शेवटी मफलर-टोप्या विकायला पुढे करतात, नको म्हटलं की सोडतात.

जोलिमॉन्ट स्टेशनला उतरा, सकाळचा स्लॉट घ्या, जॅकेट विसरू नका आणि गाइडच्या अगदी जवळ चाला. 5 पैकी 4, एक मार्क माइकचा कापला.