तेवीस पेरी मेसन, सात महिने आणि शेवटची पानं नसलेलं एक पुस्तक

सोलापूरची गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात एका रद्दीवाल्याकडे पेरी मेसन या अमेरिकन वकील-नायकाच्या तेवीस इंग्रजी कादंबऱ्यांचा गठ्ठा दिसला. आधी त्याने किलोचा भाव सांगितला. मी चष्मा लावून एकेक नाव वाचायला लागलो तसा तो नगावर आला. तीस रुपयाला एक, एकूण ६९०. घासाघीस केली नाही, ती करायला हवी होती हे पुढे कळलं.

हा अभिप्राय कोण देतंय ते आधी सांगतो. सोलापूरच्या कोर्टात लघुलेखक म्हणून माझी एकतीस वर्षं गेली. उलटतपासण्या मी नुसत्या ऐकल्या नाहीत, टंकल्या आहेत. आपल्याकडे साक्ष प्रश्नोत्तरांत क्वचितच उतरते. वकील दरडावून विचारतो, “त्या रात्री तू घरी नव्हतासच ना?” साक्षीदार मान हलवतो, आणि कागदावर येतं, “हे म्हणणे खरे नाही की, मी त्या रात्री घरी नव्हतो.” ‘हे म्हणणे खरे नाही की’ हे पाच शब्द मी इतक्या वेळा बडवलेत की झोपेतही बोटं हलतात, असं ही म्हणते.

त्यामुळे पहिला महिना नुसती चैन होती. सहा पुस्तकं संपवली. मेसन प्रश्न विचारतो, साक्षीदाराचा धीर सुटत जातो आणि शेवटी कुणीतरी ढासळतं. एकतीस वर्षांत माझ्यासमोर असं कुणी ढासळलं नाही. मी पाहिले ते फितूर पंच. “पंचनाम्यावरची सही माझी आहे, मजकूर मला वाचून दाखवला नाही,” एवढं म्हणून ते खाली उतरायचे आणि बाहेर जाऊन चहा प्यायचे.

दुसऱ्या महिन्यात यंत्र दिसायला लागलं. पहिल्या प्रकरणात अशील खोटं बोलणार. पोलिसांच्या आधी मेसन प्रेतापाशी पोहोचणार. खासगी गुप्तहेर पॉल ड्रेकची माणसं माग काढणार, मेसनची सेक्रेटरी डेला स्ट्रीट रात्री उशिरापर्यंत थांबणार आणि सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर लालबुंद होणार. लागोपाठ वाचू नका, एवढंच सांगेन. दोन पुस्तकांत पंधरा दिवस जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र उशिरा ध्यानात आली. मेसनचे बरेचसे डाव मुख्य खटल्यात रंगतच नाहीत, ते प्राथमिक सुनावणीत रंगतात. तिथे ज्युरी नसते. आरोपीवर खटला चालवण्याइतपत पुरावा आहे का, एवढंच न्यायाधीश बघतो. लेखकाची सोय बघा: बारा माणसं निवडायची नाहीत, लांबलचक भाषणं नाहीत, सरळ साक्षीदाराच्या मानगुटीवर. आपल्याकडेही खुनाचं प्रकरण सेशन्सला जाण्याआधी खालच्या कोर्टात साक्षी व्हायच्या. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती चौकशी काढली आणि ज्युरीही गेली.

लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील. पदवीवाचून, स्वतः अभ्यास करून १९११ मध्ये त्याने सनद मिळवली. पहिला मेसन १९३३ चा. पुढे तो कादंबऱ्या तोंडी सांगायचा आणि सेक्रेटरी लिहून घ्यायच्या. हे कळल्यावर माझं वाचणंच बदललं. वर्णन जेमतेम आणि पानंच्या पानं संवाद कशामुळे, ते उमगलं. ही सांगितलेली भाषा आहे, आणि पलीकडे पेन्सिल घेऊन कुणीतरी बसलेलं आहे. मुखपृष्ठावर त्या बायकांचं नाव नाही. आमचंही निकालपत्रावर कधी नव्हतं.

‘द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट’ (१९५६) मी अर्थातच नावासाठी आधी उचललं. गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं तेच निघालं. त्यात ज्युरी मेसनच्या अशिलाला चक्क दोषी ठरवते. पुढचं सांगत नाही.

खटकलेलं आता. मेसन पुराव्याला जो हात लावतो, त्याची चीड येते. आपल्या बार कौन्सिलचा नियम आहे की ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असं वाटतं, ते वकिलाने घेऊ नये. मेसन इथे असता तर दर तिसऱ्या प्रकरणात वकीलपत्र परत करून पिंजऱ्यात उभा राहिला असता. वकिलाला डिटेक्टिव्ह केलं की ही भानगड येतेच.

पाचव्या महिन्यात उतारा म्हणून वाचनालयातून रम्पोल आणला. जॉन मॉर्टिमरचा हा म्हातारा बॅरिस्टर फक्त बचावाचं काम घेतो, स्वस्तातली वाईन पितो आणि बायकोला घाबरतो. भुरट्या चोरांचं एक अख्खं खानदान त्याचं कायमचं अशील. असे वकील आमच्या बाररूममध्ये डझनाने होते, वाईनऐवजी चहा एवढाच फरक. दुसऱ्यांदा वाचायला मी रम्पोलच घेईन. हिचं मत वेगळं. तिचा वकील एकच, ‘अदालत’ मालिकेतला के. डी. पाठक. “तुमचा मेसन इतका विचार करतो कशाला ओ?” असं तिने विचारलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मालाबद्दल: एप्रिल-मेच्या उन्हाने पाठीचा डिंक वाळला. पंख्याखाली वाचताना पानं सुटून खोलीभर झाली. टाइप बारीक, मला चष्म्याचा नंबर बदलावा लागला. जुने पेपरबॅक घेणार असाल तर उन्हाळ्याआधी पाठीला कापडी पट्टी लावून घ्या.

आणि घेतानाच शेवटची पानं तपासा. एकविसाव्या पुस्तकात ती नव्हतीच. मेसन उभा राहतो, कोट सारखा करतो, आणि पुठ्ठा! रद्दीवाल्याकडे गेलो, तर म्हणतो, “काका, एवढं वाचलंत की, अंदाज येत नाही का?”

अंदाज आलाही होता. खुनी कोण यावर जुन्या ओळखीच्या एका वकिलांशी पैज लावली. ते भाच्यावर अडून बसले, मी भागीदारावर. मग एका दुपारी जुनं टाइपरायटर काढलं, म्हटलं शेवट आपणच लिहू. भागीदाराला पिंजऱ्यात घेतलं, मेसनला प्रश्न दिला, आणि बोटांनी आपोआप टंकलं, “हे म्हणणे खरे नाही की, मी”. कागद अजून रोलरवरच आहे.