मायक्रोटिक सीआरएस३१७: बॅकअपला लगाम घालणारा स्विच

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा प्रेस पार्टचा कारखाना आहे. स्टोअरच्या मागच्या खोलीत एक रॅक, त्यात प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) तीन नोड, म्हणजे सर्व्हर, आणि त्यांवर ईआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), टॅली, डिझाइनवाल्यांचा फाइल सर्व्हर अशा व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. रात्री बॅकअप सुरू झाला की नेटवर्क तुंबतं आणि तिसऱ्या पाळीच्या डिस्पॅचवाल्याचा फोन ठरलेला. "साहेब, गाडी गेटवर उभी आहे, चलन निघत नाहीये!" जुना एक गिगाबिटचा स्विच काढून मायक्रोटिक कंपनीचा सीआरएस३१७ बसवला तो यासाठी.

१० गिगाबिटचे १६ एसएफपी प्लस पोर्ट (ज्यांत मॉड्यूल किंवा खास केबल खोचावी लागते), शिवाय एक साधा गिगाबिट पोर्ट आणि दोन पॉवर सप्लाय. मी एक सप्लाय यूपीएसवर ठेवलाय, दुसरा थेट मेनवर. नोडपर्यंत डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग जोडलेल्या तांब्याच्या) टाकल्या, मॉड्यूलचा खर्च वाचला.

"एवढा रुंद पाइप घेतला, आता लगाम कशाला?" मालकांचा प्रश्न रास्त होता. पण एनव्हीएमई, म्हणजे अतिवेगवान, डिस्क असल्या की बॅकअप १० गिगाबिटसुद्धा गिळतो.

मजा पुढे आहे. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या नेटवर्क कार्डाला 'रेट लिमिट' देता येतं. आकडा मेगाबाइटचा, मेगाबिटचा नव्हे. १० लिहिलं की ८० मेगाबिट मिळतात. पण बॅकअपला त्याचा काडीचा फरक पडत नाही, कारण बॅकअपचा डेटा व्हीएमच्या कार्डातून जातच नाही, नोड स्वतः पाठवतो. त्याची मर्यादा बॅकअप जॉबमध्ये वेगळी, मायग्रेशनची (व्हीएम एका नोडवरून दुसऱ्यावर हलवण्याची) डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये आणखी वेगळी. हे सगळं लावाच. तरी दुपारी कुणी मर्यादा न घालता हाताने बॅकअप मारला की पुन्हा तेच रडगाणं.

इथे स्विच कामाला येतो. बॅकअपचं व्हीएलएएन, म्हणजे त्याच केबलवरचं आभासी नेटवर्क, वेगळं केलं आणि स्विचच्या रूलमध्ये नोडचा पोर्ट, तो व्हीएलएएन नंबर आणि रेट ४ गिगाबिट असं लिहिलं. नोडवर कुणी काहीही दाबो, बॅकअप त्याच्या वर टिकत नाही. जास्तीची पॅकेट स्विच टाकून देतो, टीसीपी (डेटा पोचवण्याचा प्रोटोकॉल) आपोआप वेग उतरवतो आणि त्याच केबलवर ईआरपीला वाट मोकळी होते. हे काम स्विचची चिप करते, प्रोसेसरला झळ लागत नाही.

पोर्टलाच इनग्रेस-रेट आणि एग्रेस-रेट लावायचीही सोय आहे. दिशा स्विचच्या बाजूने मोजायची: नोड जे पाठवतो ते स्विचसाठी इनग्रेस, स्विच नोडला जे देतो ते एग्रेस. एग्रेसला शेपिंग होतं, म्हणजे द्वारका सर्कलच्या सिग्नलसारखं थांबवून सोडणं; इनग्रेसला पोलिसिंग, जास्तीची गाडी सरळ जप्त. पण पोर्टचा रेट ईआरपी आणि बॅकअप दोघांना एकाच काठीने हाकतो, म्हणून मला रूलच पटला.

"मायक्रोटिक आहे ना, मग क्यू लावा की," असं सांगणारे पुष्कळ भेटतील. क्यू म्हणजे प्रोसेसरने सांभाळायची वेगमर्यादा. राउटरवर ठीक. इथे प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झचा, दोन कोरचा. हार्डवेअर ऑफलोड (वाहतूक प्रोसेसरऐवजी चिपने हाताळणं) चालू असताना चिपमधून जाणारी वाहतूक क्यूला दिसतच नाही, आणि ऑफलोड बंद केलं तर १० गिगाबिटचे पैसे पाण्यात.

उणं काय? एकाच नोडवरच्या दोन व्हीएम आपसात बोलतात तेव्हा डेटा नोडच्या आतल्या ब्रिजवरच फिरतो, स्विचपर्यंत येतच नाही. तिथे प्रॉक्समॉक्सचं रेट लिमिटच वापरा. राउटरओएसचे, म्हणजे या स्विचच्या सॉफ्टवेअरचे, मेनू नवख्याला गोंधळवतात, आमच्या नव्या पोराला रूल शोधायलाच अर्धा दिवस गेला. आणि मुख्य म्हणजे रेट ही कमाल मर्यादा आहे, हमी नाही. 'ईआरपीला किमान इतकं मिळालंच पाहिजे' असं आरक्षण हवं असेल, तर व्हीएमवेअरच्या (प्रॉक्समॉक्ससारखंच काम करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या) डिस्ट्रिब्यूटेड स्विचमध्ये नेटवर्क आय/ओ कंट्रोल आहे, २०१० च्या व्हीस्फिअर ४.१ पासून; त्यातलं आरक्षण मात्र २०१५ च्या ६.० पासून. ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये कंपनी घेतल्यावर कायमचे परवाने बंद झाले, सगळं वर्गणीवर गेलं. ते ऐकूनच आमच्या मालकांनी फाइल मिटली.

तीन-चार नोडच्या कारखान्यासाठी माझे पाचपैकी चार. एक गुण त्या मेनूंपायी कापलाय.