विक्री केंद्रामागचे विश्वस्त: बडोद्यातील एका हस्तकला संस्थेचे परीक्षण

बडोद्याच्या दांडिया बाजार परिसरातील एका नोंदणीकृत कला-हस्तकला संस्थेशी माझा ग्राहक, ठसेछपाईच्या वर्गाची विद्यार्थिनी आणि लहान रकमेची देणगीदार सभासद अशा तिन्ही नात्यांनी संबंध आला आहे. तेथील माल चांगला आहे आणि शिकवणे त्याहून चांगले आहे. तरीही हे परीक्षण मुख्यतः संस्थेच्या विश्वस्तांविषयी आहे, कारण विक्री केंद्रात आपल्याला जे आवडते किंवा खटकते, त्यातले बहुतेक सारे त्यांच्या बैठकीत ठरलेले असते, आणि त्या बैठकीकडे ग्राहकांचे लक्ष सहसा जात नाही. काही उणिवा स्पष्टपणे मांडायच्या असल्यामुळे आणि चर्चा माणसांभोवती न फिरता कारभाराभोवती राहावी, अशी इच्छा असल्यामुळे संस्थेचे नाव दिलेले नाही.

कलेला आधार देण्याची बडोद्याची परंपरा मोठी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य होते, आणि विणकाम, रंगकाम, सुतारकाम यांचे पद्धतशीर शिक्षण तेथे मिळू लागले; दादासाहेब फाळके यांनीही तेथेच शिक्षण घेतले. १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय निघाले, तर १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा सुरू झाली. या सगळ्यांच्या पाठीशी दरबार किंवा विद्यापीठ उभे होते. मी ज्या संस्थेविषयी लिहीत आहे तिच्या पाठीशी मात्र कामधंदा सांभाळून संध्याकाळी एकत्र येणारी मोजकी माणसे आहेत, आणि त्यांना मानधन नाही. म्हणून त्यांच्याकडून अपेक्षा कमी ठेवाव्यात असे अनेकांना वाटते, पण मला तसे वाटत नाही. पैसा लोकांचा आहे आणि पोट कारागिराचे आहे. विश्वस्त विनामूल्य काम करतात, एवढ्याने त्यांची जबाबदारी हलकी होत नाही.

आधी जे उत्तम आहे ते सांगते. येथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर कारागिराचे गाव, विक्रीची किंमत आणि त्यातली कारागिराला प्रत्यक्ष दिलेली रक्कम लिहिलेली असते. बडोद्याजवळच्या संखेडा गावच्या लाखकामाचा पाळणा किंवा चौरंग घेताना हे फार महत्त्वाचे ठरते. सागवानी लाकूड कातून घेणे, त्यावर कथलाच्या वर्खाची नक्षी काढणे, फिरत्या लाकडावर लाख चढवणे आणि अकीकाच्या दगडाने घासून चकाकी आणणे, एवढे सगळे खराडी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, कुटुंबांच्या घरीच होते, आणि बाजारात मोठ्या दुकानाच्या किमतीतला किती भाग त्या घरी पोचतो हे ग्राहकाला कधीच कळत नाही. येथे ते चिठ्ठीवर वाचता येते.

त्याहून मोलाचा ठराव जांगड बंद करण्याचा आहे. जांगड म्हणजे माल दुकानात ठेवायचा, विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. व्यापाऱ्याला ही पद्धत सोयीची असते, पण कारागिराचे लाकूड, लाख आणि मजुरी यांत अडकलेले पैसे त्या काळात मोकळे होत नाहीत, आणि पुढच्या मालासाठी त्याला उधारीवर जावे लागते. विश्वस्तांनी लहान कारागिरांचा माल रोख खरेदी करायचा, असे ठरवले आणि त्यासाठी खेळत्या भांडवलाची मर्यादा आखून दिली. या मर्यादेचा त्रास ग्राहकाला होतो. दिवाळीच्या तोंडावर हवी ती वस्तू मिळत नाही, रंगांची निवड थोडी असते, आणि नोंदवलेला माल येण्यास वेळ लागतो. मला हा त्रास मान्य आहे. विक्रेत्याने कपाटे भरलेली दिसावीत म्हणून जोखीम कारागिराच्या अंगावर टाकण्यापेक्षा माझ्यासारखीने थोडे थांबणे बरे.

तिसरी चांगली गोष्ट हितसंबंधांविषयीची आहे. प्रत्येक विश्वस्त वर्षारंभी आपला आणि आपल्या नातेवाइकांचा हस्तकलेच्या व्यापाराशी काही संबंध असल्यास तो लेखी कळवतो, आणि ही निवेदने सभासदांना पाहता येतात. विश्वस्तांना किंवा त्यांच्या आप्तांना संस्थेच्या उत्पन्नाचा अवाजवी लाभ मिळाला, तर प्राप्तिकरातील सवलत धोक्यात येते, हे बहुतेक खजिनदारांना ठाऊक असते. परंतु कायद्याच्या भीतीने गप्प राहणे आणि स्वतः होऊन उघडपणे लिहून देणे यांत फार अंतर आहे. लेखापरीक्षित ताळेबंद विक्री केंद्रातच टेबलावर ठेवलेला असतो, त्याच्याशेजारी बैठकींची इतिवृत्ते असतात, आणि ती वाचू नयेत असे कोणी सुचवत नाही. माझे पुढचे बरेचसे म्हणणे त्या वाचनावरच आधारलेले आहे.

आता उणिवा. विश्वस्त मंडळावर अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि इतर विश्वस्त मिळून जी मंडळी आहेत, त्यांत प्राध्यापक, वकील, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आणि एक चित्रकार आहेत. सगळे सज्जन आहेत आणि आपापल्या कामात जाणकार आहेत. पण ज्याच्या हातच्या कामावर संस्था चालते असा एकही माणूस त्यांत मताधिकारासह बसत नाही. कारागिरांची एक सल्लागार समिती आहे, तिचे म्हणणे ऐकले जाते, परंतु निर्णय तिच्या हाती नाही.

यामुळे काय होते ते पिठोऱ्याच्या प्रसंगात दिसले. छोटा उदेपूर भागातील राठवा या आदिवासी समाजात पिठोरा हे नवसाचे चित्रण आहे. ओसरीच्या आतल्या भिंतीवर, शेणा-मातीने सारवून पांढरी केलेल्या जागेवर, लखारा घोडे रेखतो, बडवो विधी चालवतो, रंगांत दूध आणि मोहाची दारू मिसळली जाते, आणि घरच्यांच्या दृष्टीने त्या भिंतीवर बाबा पिठोरो हा देव येऊन राहतो. आज अनेक राठवा चित्रकार कागदावर आणि कापडावर चित्रे काढून विकतात, आणि त्यात गैर काही नाही. ती निवड त्यांनी केलेली आहे. मंडळाने मात्र तेच घोडे चहाच्या ट्रेवर आणि पायपुसण्यांवर छापण्याची कल्पना मंजूर केली. हेतू शुद्ध होता, कारण विक्री वाढली असती आणि पैसा चित्रकारांकडेच गेला असता. वर्गात शिकवणाऱ्या राठवा कलाकाराने देवाचे घोडे पायाखाली येणार असतील तर आपण ते काढणार नाही, असे शांतपणे सांगितले. ते म्हणणे सल्लागार समितीकडून मंडळाकडे, मंडळाकडून स्पष्टीकरणासाठी परत समितीकडे असे फिरत राहिले, आणि पुढे कित्येक बैठकींनंतर ठराव मागे घेतला गेला. शेवटी योग्य तेच झाले, याचे श्रेय मंडळाला दिलेच पाहिजे. तथापि बैठकीत एक राठवा विश्वस्त असता, तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी, कोणाचाही अवमान न होता संपली असती.

यावर मंडळाचा आक्षेप असा की, जो संस्थेला माल विकतो तोच विश्वस्त झाला तर हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. आक्षेप खरा आहे, आणि आप्तांविषयी इतकी दक्षता घेणाऱ्या मंडळाकडून तो येणे स्वाभाविकही आहे. पण त्याला उपाय आहेत. स्वतःच्या मालाचा दर ठरत असताना त्या विश्वस्ताने बैठकीबाहेर थांबावे, दर बाजाराच्या मानाने रास्त असल्याची नोंद इतिवृत्तात असावी, किंवा सध्या संस्थेला माल न देणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ कारागिराची निवड व्हावी. याशिवाय अशा कारागीर विश्वस्ताचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी संस्थेने द्यावी, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता बैठक ठेवू नये. संखेड्याहून किंवा छोटा उदेपूरहून आलेल्या माणसाला त्या वेळेनंतर घरी परतणे अवघड असते. संस्थेच्या घटनेत दुरुस्ती न करताही बैठकीची वेळ बदलता येते.

दुसरी उणीव जागेची आहे. वर्ग पूर्वी रस्त्याकडच्या खोलीत भरत. भरपूर उजेड असलेली ती खोली आता एका व्यावसायिक दालनाला अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने दिली आहे आणि वर्ग मागच्या बाजूला नेले आहेत. गुजरातमध्ये लागू असलेल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकताना, तसेच इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने देताना चॅरिटी कमिशनरची पूर्वपरवानगी लागते. अकरा महिन्यांच्या कराराला ती लागत नाही. त्यामुळे हा व्यवहार नियमबाह्य नाही. मात्र छपाईत एका ठशाच्या कडेला दुसरा ठसा जुळवताना केसाएवढा फरक डोळ्यांना दिसावा लागतो, आणि ट्यूबलाइटखाली रंगाची खरी छटा कळत नाही. भाड्याचे उत्पन्न ताळेबंदात दिसते, तर शिकणाऱ्यांचे नुकसान कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि या निर्णयाआधी वर्गशिक्षिकेचे मत विचारल्याची नोंद मला इतिवृत्तात आढळली नाही.

विश्वस्तांची मुदतही ठरलेली नाही. राजीनामा किंवा निधन याखेरीज जागा रिकामी होत नाही, आणि मग ती ओळखीतून भरली जाते. कारभारातला बदल नव्वद दिवसांत चॅरिटी कमिशनरकडे कळवावा लागतो आणि ते काम कार्यवाह चोख करतात, परंतु नवा माणूस कसा शोधायचा याची पद्धत लिहिलेली नाही. दोन मुदतींनंतर विश्रांती, असा साधा नियम सर्वसाधारण सभेत मांडण्याचे काही सभासदांनी ठरवले आहे, आणि मी त्यांच्याबरोबर आहे.

एवढे असूनही येथून खरेदी करावी आणि येथे शिकावे, असेच मी सांगेन. ठसेछपाईचा वर्ग विशेष चांगला आहे. तो सकाळच्या तुकडीत घ्यावा, कारण तेव्हा मागच्या खोलीतही पुरेसा उजेड असतो. लाखकामाची मोठी वस्तू हवी असल्यास पावसाळा संपण्याच्या सुमारास नोंदवावी. देणगी देणाऱ्यांनी ती कायम निधीसाठी आहे की खेळत्या भांडवलासाठी, हे लेखी कळवून तसे पावतीवर लिहून घ्यावे. कायम निधीतली रक्कम कारागिराचा माल रोख घेण्यासाठी सहज वापरता येत नाही, आणि सध्या या संस्थेला गरज खेळत्या भांडवलाचीच अधिक आहे.