डीव्हीडीस्टायलर: संगणकावरच्या चित्रफिती टीव्हीवर चालणाऱ्या डिस्कवर उतरवताना

गेल्या गणेशोत्सवापासून मी डीव्हीडीस्टायलर हा मोफत आणि मुक्त स्रोत प्रोग्रॅम नियमितपणे वापरतो आहे. मंडळाच्या कार्यक्रमांचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण, नात्यातल्या लग्नमुंजींच्या फाइली आणि जुन्या कॅमकॉर्डरच्या टेपवरून संगणकावर उतरवलेले चित्रण, असा सगळा ऐवज डीव्हीडीवर घेऊन ज्येष्ठ मंडळींना द्यायचे काम माझ्याकडे आहे. ज्यांच्या टीव्हीला यूएसबीची सोय आहे त्यांना मी सरळ पेन ड्राइव्हवर एमपी४ फाइल देतो, कारण त्यात वेळही वाचतो आणि चित्रही अधिक स्वच्छ दिसते. डिस्क लागते ती जुना टीव्ही आणि त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडलेला प्लेअर अजून चालू असलेल्या घरांसाठी. अशी घरे आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच आहेत.

फाइल नुसती डिस्कवर कॉपी केली तर चालत नाही का, असे मला हमखास विचारले जाते. कॉपी केलेली डिस्क संगणक वाचतो, पण साधा डीव्हीडी प्लेअर वाचत नाही, कारण त्याला चित्र एमपेग-२ या स्वरूपात, भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीनुसार ७२० गुणिले ५७६ या मापाचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे लागते. ध्वनी ४८ किलोहर्ट्झचा लागतो आणि हे सारे व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये, एक जीबीपेक्षा मोठ्या नसलेल्या व्हीओबी तुकड्यांत आणि त्यांची दिशा सांगणाऱ्या आयएफओ फाइलींसह मांडलेले असावे लागते. डीव्हीडीस्टायलर हे सर्व स्वतःच करतो: रूपांतराचे काम एफएफएमपेगकडून आणि डिस्कची रचना डीव्हीडीऑथरकडून करून घेतो, आणि आपल्यासमोर फक्त फाइली ओढून टाकायची खिडकी ठेवतो. एखादी फाइल आधीच डीव्हीडीच्या नियमात बसणारी असेल, तर तिचे पुन्हा रूपांतर न करता ती जशीच्या तशी घेण्याचा पर्यायही त्यात आहे आणि तो आवर्जून वापरावा.

माझ्या मते या कामातला खरा निर्णय प्रोग्रॅम सुरू करण्याआधीच घ्यायचा असतो, तो म्हणजे एका डिस्कवर किती मिनिटे ठेवायची. साध्या डिस्कवर ४.७ जीबी जागा असते. संगणक ती ४.३७ दाखवतो, पण तो केवळ मोजण्याच्या रीतीतला फरक आहे. ही जागा मिनिटांत वाटली की गणित स्पष्ट होते. दीड तासाच्या कार्यक्रमाला चित्र आणि ध्वनी मिळून सेकंदाला साधारण ६.९ मेगाबिट वाट्याला येतात, दोन तासांना ५.२, तर तीन तासांना जेमतेम साडेतीन. तासाभराच्या कार्यक्रमाला दहाहून अधिक येतात, पण ते सगळे वापरता येत नाहीत, कारण डीव्हीडीच्या नियमानुसार चित्राची मर्यादा ९.८ मेगाबिट आहे. प्रोग्रॅममध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट वापरायचे ते, आपोआप ठरवण्याची सोय असल्यामुळे तो जागेत बसेल असे काहीही बसवून देतो, आणि फसगत नेमकी तिथेच होते. तीन तासांची मैफल एका डिस्कवर बसते खरी, परंतु रंगमंचावरच्या दिव्यांत पखवाजवादकाचे हात हलू लागले की चित्राचे चौकोन पडतात. मी दीड तासाची मर्यादा पाळतो आणि त्याहून मोठा कार्यक्रम मध्यंतरापाशी तोडून दोन डिस्क करतो. ध्वनीसाठी न दाबलेला पीसीएम पर्याय निवडल्यास तो एकटाच दीड मेगाबिट खातो. गाण्याच्या कार्यक्रमाला तो द्यावासा वाटतो, पण मोबाइलच्या मायक्रोफोनने टिपलेल्या ध्वनीवर इतका खर्च करण्यात अर्थ नसल्याने मी एसी३ हा दाबलेल्या ध्वनीचा पर्याय घेतो.

दुसरी गोष्ट फ्रेमच्या वेगाची आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. बहुतेक मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम टिपतात. त्यांची पाल डिस्क करायची म्हणजे दर सेकंदाला पाच फ्रेम गाळाव्या लागतात, आणि मिरवणुकीत कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र अडखळत सरकते. अशा चित्रणासाठी मी आता एनटीएससी ही अमेरिकेत रूढ असलेली पद्धत निवडतो. तिचा वेग २९.९७ फ्रेमचा असल्यामुळे हालचाल गुळगुळीत राहते. उभ्या दिशेने ५७६ ऐवजी ४८० ओळी मिळतात हा तोटा आहे, पण पळत्या दृश्यांत तो जाणवत नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्लेअरवर दोन्ही पद्धतींच्या डिस्क चालतात, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची डिस्क तर एनटीएससीच असावी लागते, कारण तिकडचे बरेचसे प्लेअर पाल स्वीकारत नाहीत. कॅमकॉर्डरचे जुने चित्रण मात्र मुळातच पालचे, २५ फ्रेमचे आहे, ते तसेच ठेवावे. काही मोबाइल प्रकाश कमी झाला की फ्रेमचा वेगही बदलतात आणि मग शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. अशी फाइल आधी हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममधून स्थिर वेगाची करून घेतली की पुढचा त्रास वाचतो.

रुंद आणि चौकोनी, म्हणजे १६:९ आणि ४:३ प्रमाणातली चित्रे एकाच डिस्कवर हवी असतील, तर त्यांचे टायटलसेट, म्हणजे डिस्कवरचे चित्रफितींचे गट, वेगवेगळे करावेत. एका टायटलसेटमध्ये एकच प्रमाण चालते. मोबाइल उभा धरून केलेल्या चित्रणाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, त्याला इलाज नाही आणि चित्र ताणून माणसे जाडी करण्यापेक्षा पट्टे बरे.

मेन्यूचे तयार साचे बरेच आहेत, पण त्यांची आवड मला बेताचीच आहे. मी पार्श्वभूमीचे चित्र वेगळ्या प्रोग्रॅममध्ये करतो, त्यावरच मराठी शीर्षके मोठ्या अक्षरांत लिहितो आणि डीव्हीडीस्टायलरमध्ये त्या शीर्षकांवर फक्त बटणे ठेवतो. जुन्या टीव्हीच्या कडा चित्राचा काही भाग गिळतात, म्हणून अक्षरे कडेपासून बरीच आत घ्यावीत. मराठी उपशीर्षकांचे थोडे निराळे आहे. डीव्हीडीवरचे उपशीर्षक म्हणजे मोजक्या चार रंगांतले चित्र असते, ते प्लेअर स्वतः लिहीत नाही. वेलांट्या आणि जोडाक्षरे जागच्या जागी राहतील याची खात्री हवी असल्यामुळे अभंगांच्या ओळी मी रूपांतराआधीच चित्रात कायमच्या उमटवून घेतो. त्या नंतर बंद करता येत नाहीत, पण ज्यांच्यासाठी डिस्क आहे त्यांना त्या बंद करायच्याही नसतात.

डिस्क बर्न करण्याचे काम मी या प्रोग्रॅमवर सोपवत नाही. त्याला आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, करायला सांगतो, ती व्हीएलसी या संगणकावरच्या प्लेअरमध्ये उघडून मेन्यूची सर्व बटणे दाबून पाहतो आणि मगच इमबर्न या डिस्क लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने डिस्कवर उतरवतो. इमबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ सालची असली तरी ती आजही चोख चालते आणि लिहून झाल्यावर डिस्क पडताळून देते. वेग चारपट ठेवला तर पूर्ण भरलेली डिस्क पंधराएक मिनिटांत तयार होते. सोळापटीने लिहून वाचणारी दहा मिनिटे जुन्या प्लेअरच्या अडखळण्यात परत जातात. कोऱ्या डिस्कच्या बाबतीत स्वस्ताई महागात पडते. बाजारातून आणलेल्या एका नावगाव नसलेल्या गठ्ठ्यातल्या डिस्क पडताळणीत पास झाल्या, पण पावसाळा सरेपर्यंत त्यांतल्या काही शेवटच्या भागात अडू लागल्या. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि दोष बहुधा बाहेरच्या कडेला आधी दिसतो. म्हणून आता मी नामांकित कंपनीच्याच डिस्क घेतो आणि त्या काठोकाठ भरत नाही. कागदी लेबल चिकटवू नये, त्याने तोल बिघडतो. डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने मधल्या गोलाजवळ नाव लिहिले की पुरे.

डिस्क सुपूर्द केल्यावर मूळ फाइल पुसण्याचा मोह आवरावा. १०८० ओळींच्या चित्रात जितके बिंदू असतात त्याच्या बरोबर एकपंचमांश पाल डीव्हीडीवर उतरतात, त्यामुळे डिस्कवरून मूळ चित्रण परत मिळण्याची आशा ठेवता येत नाही. मंडळाच्या मूळ फाइली मी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि त्यांच्या शेजारीच प्रत्येक कामाची डीव्हीडीस्टायलरची प्रोजेक्ट फाइल जपतो. ती आकाराने अगदी लहान असते. मूळ फाइलींच्या जागा बदलल्या नाहीत तर कोणी पुन्हा डिस्क मागितल्यावर मेन्यू आणि चॅप्टर नव्याने रचावे लागत नाहीत, फक्त रूपांतर रात्री लावून ठेवायचे असते.