रोलरवर ट्यूनिंग की रस्त्यावर लॉग? विदर्भातल्या टर्बोवाल्यांसाठी

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात राहून टर्बो पेट्रोल गाडी ट्यून करायची तर वाटा दोनच. पुण्या-मुंबईकडे नेऊन ती रोलरवर, म्हणजे चाकं जागेवरच फिरवून ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढवायची. नाहीतर घरीच लॅपटॉप जोडून रस्त्यावर लॉग (चालत्या इंजिनच्या नोंदी) काढायचे आणि ट्यूनरकडून फाइल, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर, सुधारून घ्यायची. मी दोन्ही केलंय.

रस्त्याचं म्हणणं आधी मांडतो, कारण त्यात दम आहे. फाइल आपल्याच हवेत, आपल्या नेहमीच्या पंपावरच्या ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर तयार होते. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना इनटेकची, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा किती तापते, ते थेट लॉगमध्ये दिसतं. खर्चही कमी. तयार स्टेज 1 फाइल (सुटे भाग न बदलता चालणारी) टाकून नुसती तपासायची असेल, तर एवढ्यावर भागतं.

पण लॉगला सलग रन लागतो. तिसरा गिअर, 2000 ते 6500 आरपीएम, पाय पूर्ण दाबलेला. आमच्याकडे तो मिळतच नाही. कापूस निघाला की जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या, पांदणीतून एकदम डांबरावर येणारी बैलगाडी, पट्टे पुसलेले गतिरोधक. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) भरतो, नॉकच्या, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याच्या, रकान्यात एका सिलिंडरला उणे 3 अंश दिसू लागतात (कॉम्प्युटरनं ठिणगी तेवढी मागे ढकलली) आणि नेमका 4500 ला पाय काढावा लागतो. पुढे ते उणे 5 होणार होतं की शून्यावर येणार होतं, कळायला मार्ग नाही. कडेला थांबलं की कुणीतरी आपुलकीनं विचारतं, "काहून भाऊ, गाडी बिघडली काय?" समृद्धी महामार्ग मोकळा असतो खरा, पण तिथं मर्यादा 120 ची आहे आणि तिसऱ्या गिअरला 6500 पर्यंत नेलं की बहुतेक टर्बो गाड्या ती ओलांडतात. लोकांचा जीव धोक्यात घालून काढलेला लॉग मला नको.

रोलरवर हा प्रश्नच उरत नाही. रोलरच्या ब्रेकचा भार देऊन इंजिन 3000 वर धरून ठेवतात, इग्निशन (ठिणगीची वेळ) एकेक अंश पुढे सरकवतात आणि टॉर्क वाढतो का ते समोरच दिसतं. वाढायचा थांबला किंवा नॉक आला की तिथं थांबायचं. रस्त्यावर हे जमवणं, माझ्या मते, जवळजवळ अशक्य.

रोलरच्या पंख्यावर टीका होते, आणि ती खरी आहे. धावत्या गाडीला मिळणारी हवा तो देऊ शकत नाही, इनटेक तापतो. मला मात्र आपल्यासाठी ते बरंच वाटतं. उन्हाळ्यात आपली गाडी तशीच तापते, मग त्या तापातच टायमिंग ठरलेलं चांगलं. हिवाळ्यातल्या पुण्याच्या थंड हवेत ओढून बसवलेली फाइल इथल्या मे महिन्यात नॉक देऊ शकते. म्हणून ट्यूनरला मार्जिन ठेवायला आधीच सांगा.

नागपूरहून पुणे 700 किलोमीटरच्या आसपास आहे, एक मुक्काम धराच. पोचल्यावर टाकीत 100 ऑक्टेनचं पेट्रोल भरू नका, घरी जे मिळतं त्यावरच ट्यून करून घ्या. हवा-इंधनाचं मिश्रण लॅम्ब्डामध्येच पाहा, त्यात कुठल्याही इंधनाचं आदर्श प्रमाण 1 धरतात. शुद्ध पेट्रोलचा 14.7 चा आकडा (एका भाग पेट्रोलला वजनानं 14.7 भाग हवा) ई20 ला लागू पडत नाही. आणि हॉर्सपॉवर दुसऱ्या डायनोवरच्या आकड्याशी जुळवत बसू नका. त्याच रोलरवर, त्याच दिवशी आधी आणि नंतर किती आली, तेवढंच बघा.