रिफंड अडकला होता, म्हणून मी त्या लिंकवर बोट ठेवलं

मी साताऱ्यात राहते. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. 2023-24 या वर्षात बँकेला 15एच फॉर्म, म्हणजे ज्येष्ठ नागरिकाने ‘माझ्यावर कर बसत नाही’ असं लिहून देण्याचा फॉर्म, द्यायचा राहून गेला आणि ठेवींच्या व्याजातून 23,640 रुपये टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला गेला. माझं एकूण उत्पन्न सात लाखांच्या आत, म्हणजे त्या वर्षी नव्या करपद्धतीत कर शून्य. सगळी रक्कम परत मिळायची होती. जुलै 2024 मध्ये आयकराचं रिटर्न भरलं, आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफायही केलं. शेजारच्यांचे रिफंड महिन्याभरात जमा झाले. माझा मात्र गणपती गेले, दिवाळी गेली, तरी पत्ता नाही.

नोव्हेंबरात एका दुपारी मेसेज आला: तुमचा 28,450 रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक चुकीचा असल्याने थांबला आहे, खालील लिंकवर दुरुस्त करा. चार महिने ज्याची वाट पाहिली तेच समोर आलं होतं. रक्कम जास्त दिसली, पण उशीर झाला म्हणून व्याज धरलं असेल असं मीच मनाशी ठरवलं. कायद्याने ते व्याज दरमहा अर्धा टक्का असतं. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत आठ महिने, म्हणजे हजाराच्या आतच. हा हिशेब माझ्या पाचवीच्या मुलांनीही तोंडी केला असता. मी तो दुसऱ्या दिवशी केला.

लिंक उघडली तर आयकर खात्याच्या पोर्टलसारखंच पान, वर अशोकस्तंभ. पॅन, जन्मतारीख, खाते क्रमांक भरला. तेवढ्यात फोन आला. स्वच्छ मराठी, अतिशय नम्र. "मॅडम, आयकर खात्याच्या बंगळुरूच्या सीपीसीतून, रिटर्न तपासणाऱ्या केंद्रातून बोलतोय. तुमची फाइल माझ्यासमोरच आहे. घाई करू नका, मी थांबतो." ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळं अ‍ॅप आहे म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनवर अ‍ॅप टाकणारी फाइल, पाठवली. मी ती इन्स्टॉल केली आणि विचारलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या. मग "खात्याची खात्री" म्हणून डेबिट कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि पिनसुद्धा भरला. पैसे यायचे असतील तर पिन कशाला लागेल, हा प्रश्न त्या दहा मिनिटांत एकदाही डोक्यात आला नाही.

ओटीपी त्याने मागितलाच नाही. त्या अ‍ॅपमुळे माझे मेसेज परस्पर त्याच्याकडे जात होते. खात्यातून तीनदा पैसे गेले: 20,000, 50,000 आणि 48,500. तीन वाजता पासबुकाच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहिली तेव्हा कळलं.

आता लिहिते आहे ते सांगायला मला सर्वात जड जातं. तीन वाजल्यापासून रात्री साडेनऊपर्यंत मी कुणालाच काही सांगितलं नाही. मुलगा पुण्यात असतो. सहा वाजता त्याचा नेहमीचा फोन आला, तेव्हा जेवण काय केलं हे सांगितलं आणि ठेवला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासलेल्या बाईने ही चूक कुणाला दाखवायची? शेवटी रडतच सांगितलं. तो एका शब्दानेही रागावला नाही, फक्त म्हणाला, "आई, आधी 1930 ला लाव." सायबर फसवणुकीच्या त्या हेल्पलाइनवर व्यवहारांचे नंबर, रक्कम, वेळ सांगितली, तक्रारीचा क्रमांक मिळाला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार पूर्ण केली आणि बँकेचं कार्ड बंद केलं. साडेसहा तासांत पैसे खात्यांमागून खाती फिरले होते. त्यातले 31,000 एका खात्यात गोठवता आले, बाकीचे निघून गेले. पोलीस ठाण्यातल्या मॅडम म्हणाल्या, "तीनलाच फोन केला असता तर..." आणि गप्प झाल्या. बँकेनेही हात वर केले: पिन मी स्वतःच दिला होता, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा वेळी तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच.

मग रिफंड का अडकला होता? मुलाने खऱ्या पोर्टलवर लॉगिन केलं आणि दोन मिनिटांत दाखवलं. भरलेल्या रिटर्नच्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं, रिफंड फेल्ड. पॅनवर माझं सासरचं नाव, बँकेत अजून माहेरचंच. त्यामुळे खातं व्हॅलिडेट झालंच नव्हतं, म्हणजे पोर्टलवर त्याची पडताळणी पूर्ण झाली नव्हती. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव, मधलं नाव, आडनाव सगळंच बदलतं, त्यामुळे ही अडचण माझ्या एकटीची नसणार. बायांनो, आपली दोन्ही नावं आजच ताडून पाहा. बँकेत विवाहाचा दाखला आणि आधार देऊन नाव बदललं, खातं पुन्हा व्हॅलिडेट केलं, पोर्टलवरूनच रिफंड री-इश्यूची, म्हणजे पुन्हा पाठवण्याची विनंती टाकली. कुठेही पिन नाही, कुणाचा फोन नाही. जानेवारीत पैसे जमा झाले.

गोठवलेल्या 31,000 साठी न्यायालयात अर्ज केला आहे. पुढची तारीख मिळाली आहे.