नवा जोड घ्यावा की जुन्याला नवा सोल मारावा?

ऑफिसच्या बुटाचा सोल पुढून जबडा वासतो किंवा टाच एका अंगाला झिजून बूट कलंडायला लागतो, तेव्हा हा प्रश्न पडतोच. दुरुस्तीत पैसे घालायचे, की त्यात थोडी भर टाकून सरळ नवा जोड आणायचा? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण वरचं चामडं खरं आहे का आणि सोल कशाचा आहे, हे बघितल्याशिवाय पैशांची बोलणी करू नका.

चवड्याजवळ बूट जिथे दुमडतो ती जागा उजेडात धरा. खऱ्या चामड्याला सुरकुत्या पडतात. रेक्झिनचा पापुद्रा सुटतो आणि खालचं कापड दिसायला लागतं. पापुद्रा सुटला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, नवा जोड घ्या. चामड्याला आरपार चीर गेली असेल तरी तेच, कारण ठिगळ नेमकं दुमडीवर येतं आणि बोटं सोलून काढतं.

सोलचं प्रकरण जरा किचकट आहे, आणि दुरुस्ती टिकते की फुकट जाते ते इथेच ठरतं. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा, सोल हातात हलका लागतो, कापलेल्या कडेवर बारीक बुडबुड्यांची जाळी दिसते. हवेतल्या ओलाव्याने तो आतून विरत जातो. न वापरता खोक्यात जपून ठेवलेल्या बुटाचाही काही वर्षांत भुगा होतो, आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ते लवकर होतं. नख दाबून बघा. चिकट लागलं किंवा चुरा निघाला, तर तो सोल चिकटवायला देऊ नका. सोल्यूशन त्याला धरतं, पण ज्या थराला धरतं तो थरच सुटून येतो. वरचं चामडं चांगलं असेल तर असा सोल पूर्ण काढून रबराचा मारून घेता येतो.

बाकीच्या सोलना तापवलेली सुई आतल्या बाजूला हळूच टोचून बघा. टीपीआर (रबरासारखं लागणारं प्लास्टिक) आणि पीव्हीसी वितळतात, खरं रबर वितळत नाही. याचा उपयोग असा, की बहुतेक टपऱ्यांवर वापरतात ते पिवळसर निओप्रीन सोल्यूशन चामडं आणि रबर घट्ट धरतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य मात्र हळूहळू बाहेर येतं आणि हेच सोल्यूशन सैल करतं. चार-सहा आठवड्यांत जबडा पुन्हा उघडा! त्यासाठी पीयू सोल्यूशन लागतं, आणि टीपीआरला त्याआधी प्रायमरचा हात. कारागिराकडे ते नसेल तर फक्त चिकटवून घेण्यात अर्थ नाही, शिलाईच मागा.

चिकटवण्याचं काम नीट झालं की नाही, हे समोर उभं राहून कळतं. जुनं सोल्यूशन रापीने पूर्ण खरवडलं पाहिजे, मग खरखरीत पॉलिश पेपरने दोन्ही बाजू उगाळून धूळ झटकायची. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा, १० ते १५ मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबून हातोडीने ठोकायचं. ओलं असतानाच दाबलं तर आतला द्रव उडून जात नाही आणि सांधा कच्चा राहतो. घाईगर्दीच्या वेळी नेमकं हेच होतं. पावसाळ्यात भिजलेला बूट तसाच नेऊ नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ते बदलत दोन दिवस सुकवा. चिकटवल्यावर २४ तास घालू नका.

शिलाईत मुख्य गोष्ट खाचेची. सोलच्या खालच्या बाजूला साधारण २ मिलिमीटर खोल खाच पाडून टाके त्यात बसवले, तर दोरा रस्त्याला घासत नाही. खाच नसेल तर काही आठवड्यांत दोरा झिजून उसवतो, आणि मग लोक म्हणतात की शिलाई टिकत नाही. टाके फार जवळजवळही नकोत. इंचाला तीन-चार पुरेत. त्याहून दाट घातले तर भोकांची रांग तयार होते आणि टपाल तिकिटासारखी तिथूनच फाटते. आरीने घातलेल्या मेणाच्या नायलॉन दोऱ्याचा फायदा हा, की एखादा टाका तुटला तरी शेजारचे लगेच सुटत नाहीत. भोकांतून पाणी शिरतं, हे खरं. म्हणून आधी चिकटवून मग शिवणं, हेच मला पटतं.

टाचेच्या बाबतीत उशीर महाग पडतो. खालचं रबर दोनेक मिलिमीटर उरलं असतानाच बदललं तर काम पटकन आणि स्वस्तात होतं. झीज वरच्या थरापर्यंत गेली की टाच पुन्हा बांधावी लागते. शिवाय बूट कलता राहून मागचा कडक काउंटर, म्हणजे टाचेला धरणारा आतला आधार, एका बाजूला दबतो. तो एकदा मोडला की परत सरळ होत नाही.

आता पैशांचं बघू. धरा, ३,२०० रुपयांचा चामडी बूट दोन वर्षं चालला, म्हणजे महिन्याला १३३ रुपये. त्याला ७०० रुपये घालून सोल आणि टाच केली आणि तो आणखी एक वर्ष चालला, तर महिन्याला ५८ रुपये. त्याऐवजी १,२०० चा रेक्झिनचा जोड आणला आणि आठ महिन्यांत त्याचा पापुद्रा सुटला, तर १५०. भाव गावागणिक वेगळे, तुमचे आकडे घालून बघा. पण मूळ बूटच हजार-बाराशेचा असेल, तर पूर्ण सोल मारण्याच्या भानगडीत पडू नये. शिलाई आणि टाच इथवर ठीक.

स्पोर्ट्स शूजसाठी मी दुरुस्ती सहसा सुचवणार नाही. पुढची टोपी सुटली तर चिकटवा, पण आतला ईव्हीएचा, म्हणजे मऊ फोमचा, थर दबून बसला की त्याची उसळी कोणी परत आणू शकत नाही. कोल्हापुरीचं उलट. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल पूर्ण चामड्याची आणि वादीने शिवलेली असते, म्हणून अंगठा, पट्टा, तळ सगळं पुन्हा शिवता येतं. नकलेच्या तळात पुठ्ठा निघतो आणि तो पहिल्याच पाण्यात फुगतो. तिच्यावर खर्च नको. खऱ्या कोल्हापुरीला खाली रबर लावून घ्यायचं असेल तर शिवून घ्या. बारीक खिळे मारले तर तळ झिजेल तशी त्यांची टोकं वर येतात.

इतकं सगळं जमेला धरूनही दुरुस्तीच्या गैरसोयी उरतातच. दोन दिवस बूट नसतो, कारागीर चांगला मिळावा लागतो, आणि फर्मा (पायाच्या आकाराचा साचा) आत न घालता सोल मारला तर बूट आखडतो किंवा वाकडा होतो. नव्या जोडात यातलं काही नसतं. ज्यांना हे जड वाटतं त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

माझं पारडं मात्र एका गोष्टीने झुकलं: नवा बूट चावतो. टाचेमागे, करंगळीच्या कडेला, कधी घोट्याखाली. दोन-तीन आठवडे पट्टी चिकटवा, जाड मोजे घाला, संध्याकाळी लंगडत घरी या. जुन्या बुटाचा सुकतळा तुमच्या पायाच्या ठशाने दबलेला असतो, काउंटर टाचेला सरावलेला असतो. सोल बदलला तरी या दोन्ही गोष्टी जागच्या जागी राहतात, आणि दुरुस्त केलेला बूट पहिल्या दिवसापासून दिवसभर घालता येतो. रोज लोकलमध्ये उभं राहून जाणाऱ्याला याची किंमत कळेल. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांच्या बाबतीत तर फोड आला हेच लवकर कळत नाही आणि त्याची जखम होते. त्यांनी नव्या जोडाचा निर्णय जास्तच जपून घ्यावा.

दुरुस्त होऊन आलेला बूटही त्यांनी, खरं तर सगळ्यांनीच, पाय घालण्याआधी हाताने तपासावा. सुकतळा उचलून बोट टाचेपासून चवड्यापर्यंत फिरवा. खिळ्याचं टोक किंवा दोऱ्याची गाठ लागली, तर तिथल्या तिथे ठोकून सपाट करून मागा आणि मगच पैसे द्या.